जोडीतली दुबळी बॅटरी

सांता क्लारात डिझेल पिकअप बाळगणारे मराठी लोक फारसे नाहीत. आमच्या गल्लीत तर बहुतेक दारांत विजेच्या गाड्या. मी हा ट्रक घेतला तो मागे कॅम्पर ट्रेलर ओढायला; गणपतीत मंडळाचं मखर आणि ढोल वाहायची वेळ आली की मात्र सगळ्यांना तोच आठवतो. त्याच्या बॉनेटखाली दोन बाजूंना दोन बॅटऱ्या आहेत. त्यांच्या संगतीत जे कळलं ते असं.

१. दोन बॅटऱ्या म्हणजे २४ व्होल्ट नव्हे.
कराडच्या मामांनी आयुष्यभर ट्रक चालवले. फोनवर म्हणाले, "दोन आहेत म्हणजे चोवीसची गाडी बघ तुझी." त्यांच्या ट्रकमध्ये एकीचा निगेटिव्ह दुसरीच्या पॉझिटिव्हला जोडलेला असतो, म्हणून बारा आणि बारा चोवीस. इथल्या फोर्ड पॉवर स्ट्रोक, शेव्हरोले ड्युरामॅक्स किंवा रॅमच्या कमिन्स इंजिनांच्या पिकअपमध्ये पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह आणि निगेटिव्हला निगेटिव्ह. व्होल्टेज बाराच राहतं, करंट देण्याची ताकद मात्र दुप्पट होते. गरजही तेवढीच मोठी. आपल्याकडच्या बोलेरो पिकअपचं अडीच लिटरचं इंजिन एका बॅटरीवर सुरू होतं. इथली इंजिनं साडेसहा-सात लिटरची. डिझेलमध्ये ठिणगी नाही, सिलिंडरातली हवा सोळा-अठरा पट दाबून तापवायची असते. ते धूड फिरवायला सेल्फला शेकडो अँपिअर लागतात, आणि थंडीत त्याआधी हीटर प्लग आपला वाटा खाऊन जातात. कुणी मामांच्या हिशेबाने तारा जोडल्या तर गाडीतला कॉम्प्युटर जळेल.

२. जोडलेल्या असताना मीटरवर भरवसा नाही.
माझ्या मते या सगळ्यातली महत्त्वाची गोष्ट हीच. जोडलेल्या बॅटऱ्यांपैकी कुठल्याही एकीवर मल्टिमीटर लावा, आकडा तोच येतो. धडधाकट बॅटरी दुबळीचं दुखणं झाकते आणि गाडी रोज सुरू होत राहते, जरा जड आवाजात. म्हणून दोघींच्या तारा सोडवायच्या, रात्रभर तशाच ठेवायच्या आणि सकाळी एकेकीला मोजायचं. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. साडेदहाच्या आसपास आली तर सहापैकी एक सेल गेला, त्यावर उपाय नाही. पण नुसत्या व्होल्टेजवरही निकाल देऊ नये. लोड टेस्ट हवीच. एल कॅमिनो रिअलवरच्या ऑटो पार्ट्सच्या दुकानांत ती फुकट करून मिळते. मात्र काउंटरवरच्या पोराला स्पष्ट सांगावं लागतं: बाबा रे, दोन आहेत, एकेक सुटी करून तपास.

३. एक मेली तरी दोन्ही बदलायच्या.
खिशाला हे पटत नाही, मलाही पटत नव्हतं. पण बैलजोडीत एक थकला की दुसऱ्याच्याच मानेवर जू येतं. जुनी बॅटरी स्वतः चार्ज धरत नाही आणि उभ्या गाडीत नवीचाही शोषून घेते. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या, एकाच सीसीए आकड्याच्या घ्याव्यात. सीसीए म्हणजे उणे १८ अंशांत, व्होल्टेज ७.२ च्या खाली न जाऊ देता, ३० सेकंद किती अँपिअर देता येतात तो आकडा. स्टिकरवरची तारीखही पाहावी: बऱ्याच कंपन्यांत अक्षर महिन्याचं, अंक वर्षाचा. दुकानात वर्षभर पडून असलेली "नवी" बॅटरी मी परत ठेवतो.

४. उन्हाळा मारतो, हिवाळा सांगतो.
इथे बर्फ पडत नाही, मग बॅटरीला काय होणार, असं लोकांना वाटतं. बॅटरीचं आयुष्य खातो तो ऑगस्टमधला उकाडा आणि बॉनेटखालची इंजिनची धग. पितळ उघडं पडतं ते टाहोला जाताना, डॉनर समिटच्या घाटातल्या गोठवणाऱ्या पहाटे. शिवाय घरून काम सुरू झाल्यापासून गाडी आठवडाभर उभीच. छोटा मेंटेनर चार्जर लावून ठेवावा. बॅटऱ्या समांतर असल्यामुळे एक १२ व्होल्टचा दोघींना पुरतो.

५. आधी दोन्ही निगेटिव्ह.
एकच निगेटिव्ह काढून पॉझिटिव्हला पाना लावला तर तो दुसऱ्या बॅटरीमुळे जिवंतच असतो. पाना बॉडीला टेकला की ठिणग्या. दोन्ही निगेटिव्ह, मग दोन्ही पॉझिटिव्ह, जोडताना उलटं. अंगठी आणि कडं काढून ठेवा. एकेक बॅटरी वीसेक किलोची असते, कमरेचाही विचार करा.

६. तारांकडे बघा.
टर्मिनलवरची पांढरी-हिरवट भुकटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने निघते, वरून व्हॅसलीनचा हात. पण दोन बॅटऱ्यांना जोडणारी लांब केबल रबराच्या आतून सडते आणि बाहेरून छान दिसते. कितीतरी चांगल्या बॅटऱ्या या केबलच्या पापाने भंगारात गेल्या असतील.

७. स्मॉग चेकच्या आदल्या दिवशी बॅटरी बदलू नका.
कॅलिफोर्नियात १९९८ पासूनच्या डिझेल पिकअपलाही दर दोन वर्षांनी स्मॉग चेक, म्हणजे धुराची तपासणी, आहे. बॅटरी काढली की गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या स्वयंतपासणीच्या नोंदी पुसल्या जातात. त्या भरायला थंड इंजिनपासून सुरुवात करून थोडं शहरात, थोडं हायवेवर असे काही दिवस गाडी चालवावी लागते. तोवर यंत्र "तयार नाही" म्हणतं आणि इंजिन स्वच्छ असूनही सर्टिफिकेट मिळत नाही.

८. जुन्या सोबतच न्या.
लॉस एंजेलिसजवळ व्हर्ननला एक्साइडचा जुन्या बॅटऱ्यांतलं शिसं वितळवणारा कारखाना होता. आसपासच्या हजारो घरांच्या मातीत शिसं सापडलं आणि २०१५ मध्ये तो कायमचा बंद झाला. पुढच्याच वर्षी राज्याने शिसे-आम्ल बॅटऱ्यांसाठी कायदा केला. त्यामुळे जुनी बॅटरी दिली नाही तर दुकान अनामत घेतं. ४५ दिवसांत आणून दिली की परत मिळते. वेगळी फी लागते ती परत मिळत नाही. २०१७ मध्ये बॅटरीमागे एक डॉलर होती, २०२२ पासून दोन. आपल्या पावतीवर ती अर्थातच दोनदा छापलेली असते.