तासांचा हिशेब आपल्याच मशिनवर ठेवताना

किर्लोस्करवाडी 1910 साली वसली, तेव्हापासून आमच्या कुंडलच्या पट्ट्यात पंप, ओतकाम, पॅटर्न हे शब्द घरोघरी आहेत. आमचं छोटं ऑफिसही त्यावरच चालतं. सुट्या भागांची ड्रॉइंग करून देतो, बिल तासांवर. कोण कुठल्या कामावर किती वेळ बसलं, हे आधी वहीत आणि मग एक्सेलमध्ये लिहायचो, आणि महिनाअखेरीला पार्टीशी हुज्जत ठरलेली. म्हणून ओपनप्रोजेक्ट हे कामं आणि तास नोंदवायचं सॉफ्टवेअर आपल्याच मशिनवर बसवायचं ठरलं. मुक्त स्रोताचं, 2006 च्या रेडमाइनच्या घराण्यातलं. भाड्याच्या सेवांना दरमहा माणशी पैसे मोजावे लागतात, इथे परवाना फुकट. शिवाय स्वातंत्र्यलढ्यातल्या प्रतिसरकारच्या गावात 'आपला कारभार आपल्या हाती' हे कुणाला पटवावं लागत नाही!

बाहेरच्या एका जाणकाराने ते डॉकरवर, म्हणजे बंदिस्त कंटेनरमध्ये, बसवून दिलं आणि काही महिने झकास चाललं. मग नवी आवृत्ती घालायची म्हणून त्याने जुना कंटेनर काढला, डिस्कवर जागा हवी म्हणून मागची साफसफाईही केली. पुन्हा सुरू केल्यावर पान उघडलं ते कोरं. आमचे पासवर्ड चालेनात. 'ॲडमिन' आणि पासवर्डही 'ॲडमिन' टाकल्यावर मात्र सरळ आत घेतलं. नवं इन्स्टॉलेशन असंच उघडतं. डेटाबेससाठी मशिनवरचा कायमचा फोल्डर जोडलेलाच नव्हता. सगळं कंटेनरच्या पोटात होतं आणि त्याच्याबरोबर गेलं.

तास पाठवलेल्या बिलांवरून परत लिहून काढता आले. गेल्या त्या कामाखालच्या नोंदी. फ्लँजचं भोक 18 चं 19 करायला कुणी सांगितलं, कधी सांगितलं, फोनवर काय ठरलं होतं. पार्टी 'आम्ही असं म्हटलंच नाही' म्हणाली, तेव्हा दाखवायला आमच्याकडे काही नव्हतं. असं सॉफ्टवेअर घेताना सगळे तासांचा विचार करतात. पण वादाच्या वेळी उपयोगी पडतात त्या या नोंदी.

तेव्हा बसवणाऱ्याला आधी विचारा, डेटाबेस आणि जोडलेल्या फाइली मशिनवर नेमक्या कुठल्या फोल्डरात आहेत? दोन्हींचा बॅकअप वेगळा घ्यावा लागतो. ओपनप्रोजेक्टचा डेटाबेस म्हणजे पोस्टग्रेस; तो चालू असताना त्याचा फोल्डर नुसता कॉपी करून भागत नाही, 'पीजी-डंप'ने रीतसर प्रत काढावी. पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती बदलली की जुना फोल्डर नव्याला जसाच्या तसा वाचता येत नाही, तिथेही हीच प्रत कामी येते. आणि ती प्रत त्याच डिस्कवर ठेवली तर डिस्क गेल्यावर ती कुठून आणणार?

घड्याळही बघा. सर्व्हर जागतिक वेळेवर असेल तर रात्री 2 चा म्हणून लावलेला बॅकअप आपल्या सकाळी साडेसातला चालतो. पहाटे साडेपाचपर्यंतचं आपलं काम त्याच्या लेखी कालच्या तारखेचं असतं, म्हणून रात्रपाळीच्या नोंदी एकदा तपासून घ्या.

लाइटचं तर सांगायलाच नको. इन्व्हर्टर असला तरी तो चालू होईपर्यंतच्या क्षणात कॉम्प्युटर बंद पडू शकतो. सर्व्हरला वेगळा यूपीएस द्या, आणि बॅटरी उतरायच्या आत मशिन आपोआप नीट बंद होईल अशी सोय करा. मेमरी किमान 4 जीबी हवी. त्याहून कमी मेमरीचं जुनं डबडं या कामाला लावू नका.

बाहेरून वापरायचं असेल तर राउटरचं दार जगाला उघडू नका. गावाकडच्या बऱ्याच इंटरनेट जोडण्यांना स्वतंत्र सार्वजनिक पत्ता नसतोच, त्यामुळे उघडूनही उपयोग नाही. वायरगार्डसारखा खासगी बोगदा बरा, मात्र त्याचं एक टोक असा पत्ता असलेल्या मशिनवर लागतं.

नुसते तासच मोजायचे असतील तर किमाई हलकं आहे, पीएचपी आणि मारियाडीबीवर चालतं. मात्र कुठलंही घ्या, त्याची हजेरी करू नका. सगळ्यांचे दिवस बरोबर आठ तासांचे दिसू लागले की समजा, पोरं कामाकडे नाही, साहेबाकडे बघून आकडे भरताहेत. त्या आकड्यांवर पुढच्या कामाचा दर काढाल तर तोटा तुमचाच.

आणि बसवून देणाऱ्याचे सगळे पैसे एकदम देऊ नका. बॅकअप दुसऱ्या मशिनवर घालून, तुमच्यासमोर एखादं जुनं काम नोंदी आणि फाइलींसकट उघडून दाखवू दे, मगच शेवटचा हप्ता द्या.