विजेच्या साहाय्याने सांडपाण्याचे शुद्धीकरण

पावसाळ्यातील गढूळ पाण्यात तुरटी फिरविण्याची रीत आपणा सर्वांस परिचित आहे. तुरटीतील ॲल्युमिनियमपासून पाण्यात बुळबुळीत हायड्रॉक्साइड तयार होते, मातीचे कण त्यात गुंततात आणि तळाशी बसतात. इचलकरंजीसारख्या वस्त्रनगरीत कापडाच्या रंगाईतून जे रंगीत पाणी बाहेर पडते, त्यासाठी हेच काम विजेकडून करून घेता येते.

सांडपाण्यात ॲल्युमिनियमचे दोन पत्रे समोरासमोर उभे करून त्यांतून एकदिश विद्युतधारा सोडतात. धनाग्राचा धातू आयनरूपाने पाण्यात उतरतो. ऋणाग्रापाशी हायड्रोजन वायूचे बुडबुडे व हायड्रॉक्साइड आयन निर्माण होतात. दोहोंच्या संयोगाने बनलेला पुंजका रंगाचे रेणू धरून ठेवतो, व काही पुंजके बुडबुड्यांबरोबर फेसासारखे वर येतात. किती धातू विरघळेल, हे फॅरेडेने 1834 मध्ये मांडलेल्या नियमावरून काढता येते: एक अँपिअर धारा एक तास वाहिल्यास सुमारे 0.34 ग्रॅम ॲल्युमिनियम. प्रत्यक्षात पत्रा याहून काहीसा अधिक झिजतो, कारण विजेखेरीज पाण्याचीही त्यावर रासायनिक क्रिया होते. विद्यार्थ्यांनी तराजू व घड्याळ घेऊन हा फरक अवश्य मोजावा. मात्र हायड्रोजन ज्वालाग्राही असल्याने शिक्षकांसमवेत, खिडक्या उघड्या ठेवून.

पत्र्यांवर कालांतराने ऑक्साइडचा थर चढतो व वीज वाया जाते. म्हणून अग्रांची अदलाबदल करीत राहतात.

आमच्या मते खरा प्रश्न पुढेच आहे. सुती कापडावर रंग चढावा म्हणून रंगाईत पुष्कळ मीठ वा सोडियम सल्फेट घालतात. त्याच क्षारांमुळे हे पाणी विजेचे चांगले वाहक होते व खर्च कमी येतो. परंतु पत्रे रंग काढतात, क्षार नव्हे. भांड्यातील पाणी डोळ्यांस नितळ दिसले, तरी ते वारंवार शेतात गेल्यास जमीन खारवते. रंगही नाहीसा होत नाही, तो गाळात जातो. त्या गाळाची विल्हेवाट लावावीच लागते. विशिष्ट धनाग्रे वापरून रंगाचा रेणूच ऑक्सिडीकरणाने मोडता येतो, पण मिठातील क्लोराइडमुळे तेथे क्लोरीनयुक्त घातक संयुगे उद्भवू शकतात.

तेव्हा अशा पाण्याची परीक्षा करताना रंगाबरोबर त्याची विद्युतवाहकताही मोजली पाहिजे. प्रक्रियेनंतर ती फारशी उतरलेली नसते.