उत्तर सांगायची घाई करू नकोस

अगं, फोनवर तू म्हणालीस ना, "ताई, प्रशिक्षणात सगळे सांगतात की मुलांना विचार करायला शिकवा. पण मी प्रश्न विचारला की अख्खा वर्ग माझ्या तोंडाकडे बघत बसतो." तेव्हापासून तुझ्याशी सविस्तर बोलायचं मनात होतं. हे विषय फोनवर नीट होत नाहीत, म्हणून लिहितेय.

आधी एक मनातून काढून टाक. तुझी मुलं मठ्ठ नाहीत. ती तुझ्या तोंडाकडे बघतात, कारण आजवरचा त्यांचा अनुभव तसाच आहे. जरा गप्प बसलं की बाई स्वतःच उत्तर सांगतात, फळ्यावर लिहितात, आपण वहीत उतरवून घ्यायचं. मग डोकं कशाला शिणवायचं? आणि चुकीचं बोललं तर वर्ग हसतो, ते वेगळंच.

मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेनं १९७०च्या दशकात विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं ऐकून एक साधी गोष्ट दाखवून दिली. शिक्षक प्रश्न विचारल्यावर जेमतेम एक सेकंद थांबतात. तेवढ्यात उत्तर आलं नाही, तर दुसऱ्या मुलाकडे वळतात किंवा स्वतःच बोलतात. हेच थांबणं तीन सेकंदांच्या पुढे नेलं, तर मुलांची उत्तरं लांबतात, "माहीत नाही" म्हणणं कमी होतं, एरवी न बोलणारी मुलं बोलू लागतात आणि मुलं एकमेकांना प्रश्न विचारू लागतात. साहित्य नको, निधी नको, फक्त थांबायचं. पण वर्गासमोर उभं राहिल्यावर ते तीन सेकंद किती लांब वाटतात, ते तुला कळेलच. मनात पाचपर्यंत आकडे मोज. पहिला हात वर झाला की लगेच त्याचं नाव घेऊ नकोस. तुझ्याही वर्गात दोन-तीन हुशार हात असतील, जे प्रश्न संपायच्या आत वर जातात. ते हात बाकीच्या वर्गाला विचार करण्यातून सुट्टी देतात. म्हणून म्हणावं, "हात खाली. प्रत्येकानं आधी वहीत एक ओळ लिहा, मग शेजारच्याला सांगा, मग मी कुणालाही विचारीन." शेजारच्याशी बोलून झालं की मागच्या बाकावरची अबोल पोरगीसुद्धा "आम्हाला असं वाटतं" म्हणून तोंड उघडते. एकटीनं चुकण्याची भीती तिथे निम्मी होते.

आणि उत्तर बरोबर आलं, तरी लगेच "शाब्बास" म्हणू नकोस. शाब्बास म्हटलं की बाकीच्यांचा विचार तिथेच थांबतो. त्याऐवजी विचार, "कशावरून?" बरोबर उत्तरालाही विचार, चुकीच्यालाही विचार, आणि दोन्हींना अगदी एकाच आवाजात. नाहीतर मुलं फार लवकर ओळखतात की बाईंनी "कशावरून" म्हटलं म्हणजे आपलं चुकलं.

आता गणिताचं. फ्रान्समधल्या ग्रनोबल इथल्या गणितशिक्षणाच्या अभ्यासकांनी १९७९च्या सुमारास लहान मुलांना एक प्रश्न घातला होता. जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? बहुतेक मुलांनी आकडे घेऊन उत्तर काढलं. हे तुझ्या वर्गात करून बघ, पण आपल्या माणसांतलं उदाहरण घे. एका मेंढपाळाकडे १२५ मेंढ्या आणि ५ कुत्री आहेत, तर मेंढपाळाचं वय किती? कुणी बेरीज करील, कुणी भागाकार करून २५ आणील आणि "हे वय बरोबर वाटतं" असंही म्हणेल. त्यांना हसू नकोस, वर्गालाही हसू देऊ नकोस. भागाकार करणाऱ्या मुलानं, १३० वर्षांचा मेंढपाळ नसतो, एवढा विचार केलेलाच असतो. ही मुलं आपण शिकवलेलंच करत असतात. प्रत्येक उदाहरणाला उत्तर असतंच आणि दिलेले सगळे आकडे वापरायचेच असतात, हे ती पहिलीपासून शिकली आहेत. म्हणून आठवड्यातून एकदा अशी उदाहरणं मुद्दाम दे, ज्यात एखादी माहिती कमी आहे किंवा एखादी जास्तीची आहे. "हे उदाहरण सोडवता येईल का? येत नसेल, तर आणखी काय कळायला हवं?" एवढाच प्रश्न. मग मुलांनाच अशी उदाहरणं तयार करायला सांग. ती एकमेकांना फसवायला बसतात आणि त्या नादात उदाहरण शब्दन् शब्द वाचायला शिकतात.

विज्ञानाच्या तासाला माझा सगळ्यात लाडका प्रयोग मेणबत्तीचा आहे. तो तुला माहीत आहे. ताटलीत रंगीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वर काचेचा ग्लास उपडा घालायचा. ज्योत विझते, पाणी ग्लासात चढतं. आणि आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो की ऑक्सिजन जळून गेला, त्याची जागा पाण्यानं घेतली, आणि बघा, पाणीही साधारण एक पंचमांशच चढलं. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के, म्हणजे हिशेबही जुळला.

हे स्पष्टीकरण चुकीचं आहे. पण मुलांना तसं सांगू नकोस. त्यांनाच ते पारखू दे. आधी ग्लास घालायच्या अगोदर प्रत्येकाला वहीत लिहायला लाव, काय होईल आणि का. अंदाज लिहिलेला नसेल, तर प्रयोग झाल्यावर सगळी मुलं "मला माहीतच होतं" म्हणतात आणि तास वाया जातो. मग प्रयोग कर. पाणी का चढलं याची मुलांनी दिलेली सगळी कारणं फळ्यावर लिही, त्यांच्याच शब्दांत. ऑक्सिजनचं कारण कुणीतरी सांगेलच, गाइडमध्ये असतं. मग विचार, "हे कारण खरं असेल, तर त्याच ग्लासाखाली दोन मेणबत्त्या लावल्यावर पाणी किती चढायला हवं?" इथे थांब. भरपूर थांब. ग्लास तोच, हवा तेवढीच, ऑक्सिजन तेवढाच, म्हणजे पाणी तेवढंच चढायला हवं. हा तर्क मुलांच्या तोंडून यायला हवा, तुझ्या नव्हे. मग दोन लाव, तीन लाव. पाणी जास्त चढतं.

त्या क्षणी वर्गात जो गोंगाट होतो ना, तो होऊ दे. शेजारच्या वर्गातले गुरुजी डोकावले, तर डोकावू देत. मग मुलांना पुन्हा प्रयोग बघायला सांग, या वेळी दोन गोष्टींकडे लक्ष ठेवून. पाणी नेमकं कधी चढतं, ज्योत जळत असताना की विझल्यावर? आणि ग्लास ठेवताना कडेनं बुडबुडे येतात का? ज्योत विझल्यावर पाणी झपकन वर जातं, हे त्यांना दिसेल. बुडबुडेही बहुधा दिसतील. तिथून पुढे ती स्वतःच पोहोचतात. ज्योतीनं हवा तापली, फुगली, थोडी बाहेर गेली. ज्योत विझल्यावर आतली हवा थंड होऊन आकसली आणि बाहेरच्या हवेच्या दाबानं पाणी आत ढकललं गेलं. मुख्य कारण हे. ऑक्सिजन वापरला जातो हे खरंच आहे, पण त्याच वेळी कार्बन डायऑक्साइड आणि वाफ तयार होते, आणि सगळा ऑक्सिजन संपायच्या आधीच ज्योत विझते. हे तू शेवटी सांग, पण अगदी शेवटी. या एका प्रयोगाला दोन तास लागले, तर लागू देत. आकडा जुळला म्हणून कारण खरं ठरत नाही, हे मुलांना इतक्या स्वच्छपणे दाखवणारा दुसरा प्रयोग मला माहीत नाही. पाण्याची बादली जवळ ठेव आणि पोरींना ओढण्या-वेण्या मागे बांधायला सांग, एवढं विसरू नकोस.

सरकारी शाळेत हे जमत नाही, असं तुला कुणीतरी म्हणेलच. त्यांना होशंगाबादबद्दल सांग. मध्य प्रदेशातल्या त्या जिल्ह्यात (आता नर्मदापुरम) १९७२ मध्ये किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १६ उच्च प्राथमिक शाळांत विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू केला. साध्या खेड्यातल्या शाळा, साधे शिक्षक. मुलं टोळ्या करून प्रयोग करायची, स्वतःचे निष्कर्ष स्वतः लिहायची. 'बाल वैज्ञानिक' पुस्तकात प्रयोग आणि प्रश्न असायचे, तयार उत्तरं नसायची. मुलांच्या मनात येणारे प्रश्न पाठवायला सवालीराम नावाचं एक काल्पनिक पात्र होतं, त्याच्या नावानं मुलं पत्रं लिहायची आणि त्यांना उत्तरं यायची. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेनं हे काम पुढे नेलं, ते शेकडो शाळांत पोहोचलं. २००२ मध्ये राज्य सरकारनं ते बंद केलं. मला त्याचं फार वाईट वाटतं. पण तीस वर्षं ते चाललं, हे कुणी नाकारू शकत नाही. आपल्याकडे कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय सुरू केलं, त्यांचं 'ऐलमा पैलमा शिक्षण देवा' हे पुस्तक मिळव आणि वाच.

होशंगाबादची एक गोष्ट मात्र लगेच उचलण्यासारखी आहे. तिथली परीक्षा पुस्तक उघडं ठेवून द्यायची असे. तुला वार्षिक परीक्षा बदलता येणार नाही, पण घटक चाचणी तुझ्या हातात आहे. तिच्यात एक तरी प्रश्न असा घाल, ज्याचं उत्तर पुस्तक उघडून बसलं तरी सापडणार नाही, पुस्तक वापरून शोधावं लागेल. आणि त्याला गुण ठेव. परीक्षेत जे येत नाही ते मुलं आणि पालक दोघंही खेळ समजतात.

आता जरा नाजूक विषय. विचार करायला शिकलेलं मूल घरी जाऊन प्रश्न विचारणार. आपल्या संविधानाच्या ५१-क कलमात वैज्ञानिक दृष्टिकोन आणि चौकस बुद्धी वाढवणं हे प्रत्येक नागरिकाचं मूलभूत कर्तव्य सांगितलं आहे, १९७६ मध्ये ते आलं. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर आयुष्यभर तेच सांगत राहिले आणि २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात त्यांचा खून झाला. म्हणजे हे काम किती मोलाचं आहे, ते तुला वेगळं सांगायला नको. पण तुझ्या वर्गातली मुलगी घरी जाऊन आजीला "तू अडाणी आहेस" म्हणाली, तर तिला विचार करायला शिकवलं असं मी म्हणणार नाही. तिला आजीला विचारायला शिकव. "आजी, हे तुला कुणी सांगितलं? तू स्वतः पाहिलंस का? दरवेळी तसंच होतं का?" आजी खूप काही सांगेल, आणि त्यातलं बरंचसं खरंही असेल.

धान्यात कडुनिंबाचा पाला ठेवला की कीड लागत नाही, हे कुठल्याही गावात सांगतात. दोन सारख्या बरण्या घ्या, एकाच पोत्यातले गहू, एकीत वाळलेला पाला, एकीत नाही, दोन्ही एकाच फळीवर. दर शनिवारी किडे मोजा आणि तक्ता भिंतीवर लावा. कडुनिंबात कीड रोखणारी द्रव्यं असतात, हे शेतीशास्त्रही मानतं, पण आपल्या बरणीत किती फरक पडला ते मुलांनीच सांगावं. इथे आजीचा मान राहतो आणि पुरावाही मिळतो. कुणीतरी विचारील, "एकाच बरणीत आधीपासून किडे असले तर?" हा प्रश्न ज्या दिवशी आला, त्या दिवशी तुझा वर्ग खरंच पुढे गेला असं समज.

तसंच "सूर्य पूर्वेला उगवतो" हे वाक्य. वर्षभर, महिन्यातून एकदा, पहाटे उठणाऱ्या मुलांनी घराच्या एकाच जागेवरून क्षितिजावर खूण करायची. सूर्य किती सरकतो ते बघून मोठी माणसंही चकित होतात.

आणखी एक, हे मला फार मनापासून सांगायचंय. तुझ्या वर्गात ऊसतोड मजुरांची मुलं आहेत, त्यांच्या घरची बोली वेगळी. ती मुलं "काय करूं राह्यलं" म्हणाली की आपण पटकन दुरुस्त करतो. विचार चालू असताना भाषा दुरुस्त करू नकोस. वाक्य सुधारताना मुलाच्या मनातलं कारण निसटतं आणि पुढच्या वेळी ते मूल बोलतच नाही. शुद्धलेखनाला मराठीचा तास आहे. विज्ञानाच्या तासाला मुलानं कारण दिलं ना, मग ते कुठल्याही बोलीत चालेल.

आणि याचा अर्थ पाठांतर सोडायचं, असा मात्र घेऊ नकोस. पाढे यायलाच हवेत, नकाशात नद्या सापडायलाच हव्यात. डोक्यात काहीच नसलेलं मूल विचार तरी कशाचा करणार? केंद्रप्रमुखांना काय सांगायचं, याचीही काळजी करू नकोस. टाचण वहीत तासाचा प्रश्न लिही, मुलांच्या वह्यांतले अंदाज आणि निष्कर्ष त्यांना दाखव. वह्या पाहिल्यावर बोलायला फारसं उरत नाही. सगळे तास असे घ्यायला जाऊ नकोस, दमशील आणि सोडून देशील. आठवड्यातून एक पुरे.

या आठवड्यात तो मेणबत्तीचा तास घे. मुलांनी वहीत जे अंदाज लिहिले असतील, ते मला त्यांच्याच भाषेत, एक काना-मात्रा न बदलता पाठव.