लवकर पसरणारं द्या, असं मीच म्हणाले होते

हो, मीच म्हणाले होते. नर्सरीवाला अजून आल्यागेल्याला तेच सांगत असतो, म्हणून आधीच कबूल करून टाकते. पण ही कुठं थांबतच नाही, एवढं त्यानं सांगायला काय झालं होतं?

2021 च्या जुलैत आमच्या मागच्या उताराची माती स्वयंपाकघराच्या पायरीला लागली होती. चिपळूणकरांना त्या जुलैतल्या पुराबद्दल वेगळं सांगायला नको. तिथं काहीतरी बसकं, बारमाही हिरवं हवं होतं. त्यानं पिवळ्या फुलांच्या काळ्या पिशव्या उतरवल्या. "बाई, हा आपला पिवळा माकाच. औषधी आहे. खत नको, पाणी नको."

ती होती वेडेलिया. पिवळा माका आपल्याकडचा, त्याचं पान लांबट आणि सरळ. हिच्या पानाला दोन बाजूंना दोन कान फुटल्यासारखे असतात. मूळची ही मध्य अमेरिका आणि वेस्ट इंडीजकडची. जगातल्या शंभर उपद्रवी परकीय जातींची एक यादी आहे, तीत घाणेरी, रानमोडी, जलपर्णी यांच्या पंगतीला ही बसलेली. हे सगळं मला नंतर कळलं. जन्मभर पोरांना 'नीट निरीक्षण करा' म्हणत आले आणि स्वतः एक पान हातात घेऊन पाहिलं नाही.

पहिला पावसाळा कौतुकात गेला. दुसऱ्यात अबोली दिसेनाशी झाली, मग हळदीचा वाफा, मग आळू. गडगा ओलांडून ती शेजारच्या काकींच्या परसात उतरली. काकी फुलासकट वेल हातात घेऊन दारात आल्या, तो ओटीवर ठेवला आणि काही न बोलता गेल्या. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

घोटाभर दाट गादी झाली होती, तीत एक दिवस फुरसं निघालं. त्या धसक्यानं ह्यांनी ग्रासकटर फिरवायला लावला. तेच नडलं. वेलाच्या पेरापेराला मुळं फुटतात. जेवढे तुकडे, तेवढी रोपं. कापलेला ढीग पऱ्याच्या कडेला टाकला, तर भर पावसात पंधरा दिवसांत ढीगच हिरवागार झाला. आता पऱ्याच्या दोन्ही काठांनी ती खाली निघाली आहे. ते पाप माझं, नर्सरीवाल्याचं नाही.

त्याचं पाप पुढं आहे. "काढून देतो की, दोन माणसांची हजेरी द्या," म्हणाला. दिली. टेम्पो भरून नेली. आठवड्यानं सोनचाफ्याचं कलम बघायला गेले, तर हिरव्या जाळीखाली पिशव्यांची रांग, प्रत्येकीत पेरांचे ताजे खुंट. वेडेलिया काय, कुठलीही असेल, असं मनाला समजावत होते. तेवढ्यात एका पिशवीत खुंटांच्या मधोमध माझी रतन अबोली दिसली. मुळासकट उपटून आलेली. पिशवीची किंमत पंधरा रुपये.

"बाई, जिवंत झाड फेकवत नाही हो," तो म्हणाला. चेहऱ्यावर रेषही हलली नाही. अबोलीसाठी ती पिशवी मी विकत घेतली. एक रुपया त्यानं कमी केला नाही.

तेव्हा कुणाच्या अंगणात ही असेल तर ऐका. पावसाळ्यात हात लावू नका. ओल्या मातीत तुटलेला प्रत्येक तुकडा जगतो. फाल्गुन-चैत्रात कुदळीनं खणून, मुळं झटकून काढा. हातात जाड मोजे, पायात बूट. का ते वर आलंच आहे. काढलेलं सगळं गच्चीवर किंवा पत्र्यावर पसरा आणि चुरा होईपर्यंत वाळवा. आमच्या गच्चीवर वरचा थर कुरकुरीत झाला होता, पण खाली ओल होती आणि तिथं मुळं पांढरी दिसत होती. ढीग रोज उलटा. खतखड्ड्यात टाकू नका, ओहोळात तर नकोच. मग पहिल्या सरीपासून दर आठवड्याला फेरी मारून कोंब वेचायचे. खाडा केला की मागचं सगळं फुकट.

झाड घेताना चौकशी करा वगैरे सगळेच सांगतात. मी विचारायला हवं होतं ते एवढंच: काढायची झाली तर कशी काढायची? विकणारा घुटमळला तर पिशवी खाली ठेवा.

उतारावर आता वाळ्याचे ठोंब लावलेत. माती धरून आहेत, दिसायला मात्र ओकेबोके. सावलीत कारिवणा लावला आहे, लोक ज्याला ब्राह्मी म्हणतात तो. तोही पसरतो, पण त्याची चटणी तरी होते.

काकी अजून गडग्याशी आल्या की आधी जमीन बघतात, मग मला. परवा त्यांनी बोट दाखवलं. मागच्या पायरीच्या फटीत तीन पानं होती, कान फुटलेली. सुरी घेऊन बसले, पण मूळ चिऱ्याखाली गेलंय.