एक दाब, अनेक नोंदी

वैशाखातील ऐन हंगामात, आमच्या रत्नागिरीच्या आळीत शेजारच्या काकांच्या पडवीत हापूसच्या पेट्या भरल्या जात असताना, प्रत्येक पेटी बंद होताच ती भरणाऱ्या मावशींनी एक बटण दाबावे आणि आठ एलईडींच्या रांगेत द्विमान पद्धतीने पेट्यांचा आकडा उमटावा, असे एक लहानसे यंत्र मी आर्डुइनो उनोवर मोठ्या उमेदीने सिद्ध केले. घरी नव्या बटणावर ते बिनचूक चालले. म्हणून अधिक खातरजमा न करता पडवीत दाराच्या घंटेचे एक जुने बटण मी त्याला जोडून दिले. सायंकाळी काकांच्या वहीत ६४ पेट्यांची नोंद होती आणि दिवे ०१०११०११, म्हणजे ९१, दाखवीत होते. यंत्र चुकत नाही ही समजूत इतकी दृढ असते, की काकांनी ‘मावशी, उगाच बटण दाबत बसू नका’ असे सर्वांदेखत सुनावले, आणि मी गप्प राहिलो. त्या गप्प राहण्याचे शल्य मला अद्याप आहे.

दोष रात्री ध्यानी आला. बोटाला जो एक दाब वाटतो, तो बटणातील धातूच्या पट्ट्यांच्या लेखी एक नसतो. त्या एकमेकींवर आदळतात, काही सहस्रांश सेकंद उसळत राहतात आणि मगच स्थिरावतात. खाऱ्या, दमट हवेने गंजलेल्या पट्ट्यांचा तर मुळीच भरवसा नसतो. उनोवरील अॅटमेगा३२८पी हा मायक्रोकंट्रोलर १६ मेगाहर्ट्‌झ गतीने चालत असल्यामुळे एका सहस्रांश सेकंदात १६,००० स्पंदने पुरी करतो; प्रत्येक उसळी त्याला नवा दाब भासावी, यात त्याचा अपराध नाही.

म्हणून जो कोणी असे यंत्र करील, त्याने पिनची स्थिती बदलताच आकडा वाढवू नये. त्या क्षणाची वेळ टिपून ठेवावी, पुढे सुमारे ३० सहस्रांश सेकंद तीच स्थिती अखंड टिकली तरच दाब मंजूर करावा, आणि बटण सुटून पुन्हा दाबले जाईपर्यंत दुसरी नोंद घेऊ नये. पिन अधांतरी राहिल्यास ती दाबावाचूनही वाटेल ते वाचते. यास्तव अंतर्गत पुल-अप चालू करून बटणाचे दुसरे टोक ग्राउंडला जोडावे, मात्र मग दाबलेले बटण शून्य वाचले जाते, हे प्रोग्रामात ध्यानी ठेवावे. प्रत्येक एलईडीला स्वतंत्र ३३० ओहमचा रोध द्यावा. आठ दिव्यांची मजल २५५ पर्यंतच. २५६ व्या पेटीला सारे दिवे विझतात, आणि वीज गेली की आकडाही जातो, म्हणून वही बंद करू नये. सर्वांत महत्त्वाचे हे, की जेथे यंत्र बसावयाचे तेथेच, त्याच बटणावर, तोंडाने मोजीत शंभर दाब द्यावेत व आकड्याची रुजुवात घ्यावी. ती जुळल्याखेरीज कोणाही माणसावर संशय घेऊ नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बटण तेच ठेवून केवळ प्रोग्राम बदलून, मी सर्वांना पडवीत बोलावले, दोष माझ्या प्रोग्रामाचा होता असे सांगून मावशींची क्षमा मागितली आणि त्यांच्याच हातून शंभर दाब देवविले. दिवे ०११००१०० वर थांबले.