पिंगळा-पतंग : कुल, जाती व त्यांची ओळख

पिकात अळी दिसताच तिला ‘बोंडअळी’ किंवा ‘लष्करी अळी’ असे नाव देऊन औषध आणण्याची घाई होते. परंतु बोंडअळी या एका नावाखाली तीन निरनिराळ्या किडी येतात आणि लष्करी अळीचीही तीच गत आहे. कीड एक व उपाय दुसऱ्या किडीचा, असे झाले म्हणजे पैसा जातो व हंगामही हातचा निसटतो. याकरिता किडींच्या वर्गीकरणाची तोंडओळख प्रत्येक ग्रामकार्यकर्त्यास व शेतकऱ्यास असणे अगत्याचे आहे.

कुलाची लक्षणे

पतंगांच्या नॉक्ट्युइडी या कुलाचे नाव पिंगळा या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले आहे. हे पतंग रात्री उडतात व दिव्याच्या प्रकाशात त्यांचे डोळे चमकतात. अंग जाड व केसाळ, रंग मातकट आणि पुढील पंखांवर बहुधा एक गोल व एक मूत्रपिंडाच्या आकाराचा ठिपका असतो. बसताना पंख छपरासारखे उतरते ठेवतात. बहुतेक जातींच्या अळ्या कोषावस्थेत जाण्यासाठी जमिनीत शिरतात.

जुन्या पुस्तकांत संत्र्या-मोसंबीतील रस शोषणारा पतंग, एरंडीवरील उंटअळी व कापसावरील ठिपक्यांची बोंडअळी यांचाही समावेश याच कुलात केलेला आढळेल. मागील पंखांतील शिरांच्या रचनेवरून व पुढे जनुकांच्या अभ्यासावरून या गटाची फेरमांडणी झाली. आता पहिल्या दोन किडी इरेबिडी कुलात व ठिपक्यांची बोंडअळी नोलिडी कुलात गणली जाते. घाटे अळीचे जुने नाव हेलिओथिस होते. १९६५ साली हार्डविक यांनी तिच्यासाठी हेलिकोव्हर्पा हा वंश निराळा केला. नाव निराळे दिसले तरी कीड तीच आहे, हे जुने साहित्य वाचताना ध्यानात ठेवावे.

आपल्याकडील मुख्य जाती

१. घाटे अळी (हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा) : हरभरा, तूर, कापूस व टोमॅटोवर येते. अंडी सुटी सुटी घालते. अळीचा रंग हिरवा, तपकिरी किंवा पिवळसर असतो. म्हणून रंगावरून निर्णय करू नये. ती अर्धे अंग घाट्यात खुपसून दाणा खाते.

२. तंबाखूवरील पाने खाणारी अळी (स्पोडॉप्टेरा लिट्युरा) : अंडी पुंजक्याने घालून केसांनी झाकते. लहान अळ्या एकत्र राहून पानाची जाळी करतात. २००८ च्या खरिपात राज्यात सोयाबीनवर हिचा मोठा उद्रेक झाला. त्यानंतर २००९-१० पासून क्रॉपसॅप हा कीड सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू करण्यात आला.

३. अमेरिकन लष्करी अळी (स्पोडॉप्टेरा फ्रुजिपर्डा) : ही २०१८ साली भारतात प्रथम कर्नाटकात मक्यावर आढळली व त्याच वर्षी महाराष्ट्रात पोहोचली. डोक्यावर उलट्या ‘वाय’ अक्षराची खूण व शेपटीकडील शेवटून दुसऱ्या भागावर चौकोनात चार काळे ठिपके, ही तिची ओळख होय.

४. देशी लष्करी अळी (मिथिम्ना सेपरेटा) : ज्वारी व भातावर येते, अळ्या झुंडीने एका शेतातून दुसऱ्या शेतात जातात.

५. रोपे कुरतडणारी अळी (ॲग्रोटिस इप्सिलॉन) : दिवसा मातीत दडते व रात्री रोपे जमिनीलगत कापते.

ओळखीचा उपयोग

कापसावरील गुलाबी बोंडअळी पिंगळा-कुलातील नव्हे. ती गेलेचिइडी कुलातील आहे. २००२ साली बीटी कापूस आल्यावर घाटे अळीचा उपद्रव कापसात कमी झाला. गुलाबी बोंडअळीने मात्र पुढे दोन जनुकांच्या वाणासही दाद दिली नाही व २०१७ साली राज्यात मोठे नुकसान केले. तिच्यासाठी फरदड न घेणे व पऱ्हाटीची वेळीच विल्हेवाट लावणे हे मुख्य उपाय होत. घाटे अळीचे कोष जमिनीत असल्याने तिच्यासाठी उन्हाळी खोल नांगरट उपयोगी पडते.

कामगंध सापळ्यातील ल्यूर ज्या जातीचा, त्याच जातीचे नर त्याकडे ओढले जातात. विषाणूचेही तसेच आहे. घाटे अळीचा एच.ए.एन.पी.व्ही. हा विषाणू तंबाखूवरील अळीस चालत नाही, तिच्यासाठी एस.एल.एन.पी.व्ही. वापरावा लागतो. उन्हाने विषाणू निकामी होतो. म्हणून फवारणी सायंकाळी व अळ्या लहान असतानाच करावी.

ओळख पटविण्याची रीत

शंका असल्यास रुंद तोंडाच्या बरणीत चार बोटे ओलसर माती घालून प्रत्येक बरणीत एकच अळी सोडावी, कारण घाटे अळ्या व अमेरिकन लष्करी अळ्या एकमेकींना खातात. ज्या पिकावर अळी सापडली त्याचीच पाने रोज ताजी घालावीत व तोंडास विरळ कापड बांधावे. अळी मातीत कोषात गेल्यावर साधारण दोन आठवड्यांत पतंग बाहेर येतो; थंडीत अधिक दिवस लागतात. पतंग, पिकाचे नाव, गाव व तारीख यांसह नमुना कृषी विज्ञान केंद्राकडे न्यावा. पतंग निघेपर्यंत फवारणीचा निर्णय मात्र अडवून धरू नये. अळीच्या वर सांगितलेल्या खुणा पाहून सहायक कृषी अधिकाऱ्याचा सल्ला घ्यावा. नमुन्यावरून पटलेली ओळख त्याच शेतात पुढील पिढीच्या किडीसाठी व पुढील हंगामासाठी उपयोगी पडेल.