माणूस खाणारे झाड

“गुरुजी, छापून आलंय म्हंजी ते खरंच असणार, न्हाई का?” आबांनी विचारले.

गुरुजी म्हणाले, “एक गोष्ट सांगतो. मग तुम्हीच ठरवा. आफ्रिकेजवळ समुद्रात मादागास्कर नावाचे मोठे बेट आहे. तिथे माणूस खाणारे झाड आहे, अशी बातमी १८७४ साली अमेरिकेतल्या एका वर्तमानपत्रात आली. बुंधा अननसासारखा. वरून लोंबणारी आठ लांब पाने. पानांना काटे. माथ्यावर सापासारखी वळवळणारी वेटोळी. तिथले लोक झाडाला बाईचा बळी देतात. वेटोळी तिला आवळतात आणि पाने मिटतात!”

“बाप रे! मग?”

“इतर पत्रांनीही ती बातमी छापली. १९२४ सालच्या एका पुस्तकाच्या नावातच हे झाड आले. पण झाड कुणाला सापडले नाही. १९५५ साली विली लाय या लेखकाने दाखवून दिले, की झाड खोटे, बळी देणारी ती जमात खोटी, आणि ‘मी पाहिले’ म्हणणारा माणूसही खोटा. त्या बेटावरच्या माणसांना मात्र उगीच बट्टा लागला.”

“मग किडं खाणारी झाडंबी खोटीच?”

“नाही, ती खरी आहेत. सातारा जिल्ह्यात कासच्या पठारावर पावसाळ्यात दवबिंदू नावाचे लहान रोप उगवते. त्याच्या पानांवर केस असतात. केसांच्या टोकाला चिकट थेंब असतो. चिलट त्यावर बसते आणि चिकटते. केस वाकून त्याला धरतात. पानातून रस सुटतो. त्यात किडा विरघळतो आणि पान तो शोषून घेते.”

“का बरं? मातीतनं पोट भरंना व्हय?”

“बरोबर. तिथली माती हलकी. तिच्यात नत्र कमी. पिकाला नत्र मिळावे म्हणून आपण शेणखत, युरिया घालतो. हे रोप नत्र किड्यातून घेते.”

आबा हसले. “पर हे तरी खरं कशावरनं?”

“शाबास! डार्विन या शास्त्रज्ञाने अशाच रोपांवर प्रयोग केले. १८७५ साली ते छापले. पानावर काचेचा कण ठेवला, तर केस वाकले, पण लवकर उलगडले. मांसाचा कण ठेवला, तर पुष्कळ वेळ मिटून राहिले. ही परीक्षा कोणालाही पुन्हा करून पाहता येते. म्हणून वाचताना तीन गोष्टी विचाराव्या. कुणी पाहिले? कसे कळले? पुन्हा पाहता येईल का?”

आबांनी खिशातून एक जाहिरात काढली. ‘एका बाटलीत पीक दुप्पट’ असे तिच्यावर छापले होते. उद्या पैसे द्यायचे होते.

आबा म्हणाले, “आधी इचारतो, कुणाच्या रानात झालं ते. मग पैशाचं बघू.”